किंमत आणि मोल: फुटबॉल संघबांधणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारचे रात्रीचे सामने संपले की आमच्या मित्रमंडळात तेच वाद नव्याने पेटतात. अमक्यावर एवढे कोटी कशाला घातले, तमक्याला विकला म्हणून संघ बुडाला, आपल्याला एक चांगला स्ट्रायकर मिळाला की झालं. त्यांतून पुन्हा पुन्हा पुढे आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. मी लिव्हरपूलचा समर्थक आहे. त्यामुळे उदाहरणांत तो संघ जास्त येईल, पण त्याच्या हरलेल्या रात्रींसकट येईल.

खेळाडू अमुक कोटींना ‘विकला’ म्हणजे ते पैसे त्याला मिळतात का? आयपीएलच्या लिलावासारखंच ना हे?

नाही, आणि निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात. ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली, ती रक्कम म्हणजे त्याचं एका हंगामाचं मानधन. फुटबॉलमध्ये असा लिलाव नसतो. खेळाडूचा क्लबशी काही वर्षांचा करार असतो. तो संपण्याआधी दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर पहिल्या क्लबला भरपाई द्यावी लागते. तीच ट्रान्सफर फी, आणि ती जुन्या क्लबच्या खात्यात जाते. खेळाडूचा पगार वेगळा ठरतो, एजंटचं कमिशन आणखी वेगळं.

म्हणून ‘फुकट मिळाला’ हा शब्द जपून वापरावा. २०२४ मध्ये किलियन एम्बापे पीएसजीतला (म्हणजे पॅरिस सां-जर्मां) करार संपवून रेआल माद्रिदला गेला, तेव्हा ट्रान्सफर फी शून्य होती. पगार मात्र शून्य नव्हता.

मग ही किंमत ठरते कशी?

खेळ किती चांगला यावर ती ठरते, पण तेवढ्यावर नाही. वय किती, करार किती वर्षांचा उरलाय, विकणाऱ्याला घाई आहे का, घेणाऱ्याला गरज किती आणि त्याच्या खिशात पैसे आहेत हे बाजाराला माहीत आहे का, हे सगळं त्यात मिसळतं.

पॉल पोग्बा पाहा. २०१२ मध्ये करार संपल्यावर तो मँचेस्टर युनायटेड सोडून युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये त्याच युनायटेडने त्याला परत आणायला ८ कोटी ९३ लाख पौंड मोजले. २०२२ मध्ये करार संपला आणि तो पुन्हा निघून गेला, तोही एक पैसाही न मिळवून देता. तिन्ही वेळा माणूस एकच. करार संपल्यावर खेळाडू मोकळा होतो ही सोय १९९५ च्या बोसमन निकालाने युरोपभर पक्की केली. तेव्हापासून करारात किती महिने उरले आहेत, हाही किमतीचाच भाग झाला.

नेमारची २२ कोटी २० लाख युरोंची किंमत तर बाजारात घासाघीस होऊन ठरलीच नव्हती. त्याच्या बार्सिलोनाच्या करारात तेवढी रिलीज क्लॉजची रक्कम, म्हणजे जी भरली की खेळाडू मोकळा होतो ती, लिहिलेली होती. एवढे पैसे कोणी देणारच नाही, या भरवशावर लिहिलेली. ऑगस्ट २०१७ मध्ये पीएसजीने ती भरली आणि मग सगळा बाजारच वर सरकला. बार्सिलोनाच्या हातात एवढी रोकड आहे हे जगजाहीर झाल्यावर त्यांना स्वस्तात कोण विकणार? आधी उस्मान डेंबेले आणि काही महिन्यांनी फिलिपे कुटिन्हो, दोघांसाठी त्यांनी दहा-दहा कोटी युरोंच्या वर रक्कम मोजली.

‘किंमत’ आणि ‘मोल’ असे दोन शब्द तुम्ही सारखे वेगळे का वापरता?

कारण मराठीत हे दोन शब्द आहेत आणि या वादात दोन्ही लागतात. किंमत बाजार ठरवतो. मोल ठरतं ते संघात नेमकी कुठली जागा रिकामी आहे त्यावर. खेळाडू तोच राहतो, किंमतही तीच राहते, आणि तरीही एका संघात त्याचं मोल डोंगराएवढं असतं तर दुसऱ्या संघात जवळजवळ काहीच नसतं.

याचं सगळ्यात जुनं आणि मला अजूनही सगळ्यात पटणारं उदाहरण क्लॉद माकेलेलेचं. २००३ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने डेव्हिड बेकहॅमला आणलं आणि माकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं. झिदान, फिगो, रोनाल्डो, राउल आणि त्यात बेकहॅम. कागदावर यापेक्षा सुंदर संघ कुठला? पण हे सगळे पुढे गेले की मागची मोकळी जागा राखणारा, चेंडू हिसकावून जवळच्या माणसाला देणारा गडी गेला होता. त्या हंगामात माद्रिद लीगमध्ये शेवटचे पाचही सामने हरून चौथ्या क्रमांकावर घसरलं आणि पुढचं लीग विजेतेपद मिळायला २००७ उजाडलं. तिकडे २००४-०५ मध्ये माकेलेले मधल्या फळीत असलेल्या चेल्सीने ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले आणि लीग जिंकली.

बेकहॅम वाईट खेळाडू होता असं यातून निघत नाही. माद्रिदला त्या जागी आणखी एकाची गरज नव्हती, एवढंच.

सर्वांत चांगला खेळाडू विकून संघ सुधारू शकतो का?

सुधारू शकतो. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या जानेवारीत मी चिडलो होतो, हेही खरं.

कुटिन्होला लिव्हरपूलने २०१३ मध्ये इंटरकडून ८५ लाख पौंडांना घेतलं होतं. पाच वर्षांत तो संघाचा जीव झाला. पंचवीस यार्डांवरून आत वळून मारलेला त्याचा फटका लागला की आम्ही उभे राहायचो. जानेवारी २०१८ मध्ये तो बार्सिलोनाला गेला आणि सगळी जोडरकम (पुढच्या कामगिरीप्रमाणे द्यायची वाढीव रक्कम) धरून सौदा १४ कोटी २० लाख पौंडांपर्यंत जाणारा होता. त्याच महिन्यात साऊथहॅम्प्टनकडून व्हर्जिल व्हॅन डाइक आला, साडेसात कोटी पौंडांना. बचावपटूसाठी तोवर जगात कोणी एवढे मोजले नव्हते. ‘डिफेंडरला एवढे?’ हा प्रश्न तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाने विचारला होता.

मग २६ मे २०१८ ची किव्हमधली रात्र आली. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, समोर रेआल माद्रिद, आणि गोलकीपर लॉरिस कारियुसच्या हातून दोन अशा चुका झाल्या की त्यावर बोलायलाही नको वाटायचं. सामन्यात त्याच्या डोक्याला मार लागला होता, असं नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्यावर तुटून पडलेल्या सगळ्यांनी ते ऐकायला हवं होतं. पण त्या जागेवर खात्रीचा माणूस नाही ही गोष्ट त्याआधीही दिसत होती. जुलैमध्ये रोमाकडून आलिसन आला, साडेसहा कोटी पौंडांहून जास्त देऊन.

आता हिशोब मांडा. २०१७-१८ मध्ये लिव्हरपूलने लीगमध्ये ३८ गोल खाल्ले होते, २०१८-१९ मध्ये २२. त्या हंगामात ९७ गुण झाले (तरी मँचेस्टर सिटी ९८ वर होतं, तो सल वेगळा), चॅम्पियन्स लीग मिळाली, आणि पुढच्या हंगामात ३० वर्षांनी लीग. एका हुशार आघाडीवीराच्या पैशांत मागच्या दोन भेगा बुजवल्या गेल्या.

मग कुटिन्होची कल्पकता कुठून भरून काढली?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि उत्तर त्यातच आहे. दोन फुलबॅककडून, म्हणजे दोन्ही कडांच्या बचावपटूंकडून. डावीकडे अँडी रॉबर्टसन, लीगमधून खाली घसरलेल्या हल सिटीकडून ८० लाख पौंडांना घेतलेला. उजवीकडे ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड, क्लबच्या स्वतःच्या अकादमीतला, लिव्हरपूल शहरातलाच मुलगा. २०१८-१९ च्या लीगमध्ये ट्रेंटने १२ आणि रॉबर्टसनने ११ गोलांना पास दिले. व्हॅन डाइक मागे उभा असल्यामुळेच ते दोघे एवढे पुढे जाऊ शकले. एका जागेवर योग्य माणूस आला की शेजारच्या जागांचंही मोल वाढतं ते असं.

७ मे २०१९ ला अ‍ॅनफिल्डवर बार्सिलोना आली, पहिल्या लढतीतली ३-० ची आघाडी घेऊन. त्यांच्या अकरांत कुटिन्हो होता. एका तासाने त्याला बाहेर बोलावलं गेलं. लिव्हरपूल ४-० ने जिंकलं. मोहम्मद सालाह आणि फिर्मिनो जखमी होते आणि गोल केले ओरिगी आणि विनाल्डम यांनी, प्रत्येकी दोन.

आणि कुटिन्हो संपला होता का? अजिबात नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बायर्न म्युनिककडून उसना खेळताना तो बदली म्हणून उतरला आणि त्याच बार्सिलोनाविरुद्ध ८-२ च्या सामन्यात दोन गोल करून गेला. बार्सिलोनात मात्र त्याला त्याची जागा कधी सापडलीच नाही. ती आधीच मेस्सीने व्यापलेली होती.

पैसे आधी स्ट्रायकरवर घालावेत की बचावावर?

जिथे संघ गळतोय तिथे. पाण्याच्या टाकीला तळाशी भोक असताना वरून दुसरा नळ सोडण्यात अर्थ नाही.

फुटबॉलची जात क्रिकेटपेक्षा वेगळी आहे. क्रिकेटमध्ये बुमरा एकटा एका स्पेलमध्ये सामना फिरवू शकतो, त्या वेळी अकरावा गडी थर्डमॅनला उभा असला तरी चालतं. फुटबॉलमध्ये गोल मुळातच कमी होतात, मोठ्या लीगमध्ये सामन्याला सरासरी तीनच्या आसपास. चेंडू गोलकीपरपासून स्ट्रायकरपर्यंत हातोहात जातो, आणि साखळीतली एक कडी कच्ची असेल तर पुढच्या सोन्याच्या कडीपर्यंत तो पोचतच नाही. शिवाय समोरचा प्रशिक्षक दिवसभर तुमच्या कच्च्या कडीचाच अभ्यास करून आलेला असतो. डावा फुलबॅक कमजोर आहे हे कळलं की नव्वद मिनिटं सगळे हल्ले तिकडूनच येतात.

त्याची उलट बाजूही आम्ही भोगली. ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा गेला, पाठोपाठ बाकीचे सेंटर बॅकही (मधले बचावपटू). मग मधल्या फळीतली माणसं मागे न्यावी लागली, म्हणजे मधली फळीही मोडली. आदल्या वर्षी विजेता असलेला तोच संघ घरच्या मैदानावर लीगमधले सलग सहा सामने हरला. पुढचे तिघे तेच होते, सालाह, माने, फिर्मिनो.

लेस्टर सिटीने तर स्वस्तात लीग जिंकली. मग एवढे पैसे लागतातच कशाला?

२०१५-१६ चं लेस्टर माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फुटबॉलकथा आहे आणि ती कमी लेखायची माझी तयारी नाही. हंगामाआधी सट्टेबाजांनी त्यांना पाच हजाराला एक असा भाव दिला होता. जेमी वार्डी बिगर-लीगमधल्या फ्लीटवूडकडून १० लाख पौंडांना आलेला, रियाद महरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतल्या ल हाव्रकडून पाच लाखांच्याही आत, एन्गोलो कान्टे फ्रान्समधल्याच काँ या क्लबकडून ५६ लाखांना.

पण स्वस्त म्हणून ते जिंकले नाहीत. ते एकमेकांना फिट बसले होते. मॉर्गन आणि हुथ हे दोघे सेंटर बॅक धावण्यात मंद होते, म्हणून बचाव मागे, गोलच्या जवळ उभा राहायचा. त्यामुळे पुढे जी प्रचंड जागा मोकळी पडायची ती कान्टे एकटा भरायचा. चेंडू मिळाला की ड्रिंकवॉटर तो थेट लांब टाकायचा आणि वार्डीचा वेग कामी यायचा. प्रत्येकाची उणीव दुसऱ्याच्या गुणाने झाकलेली होती. शिवाय दुखापती कमी झाल्या, युरोपातले सामने नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात त्या अकरांतला एकच मोठा माणूस गेला, कान्टे. त्याच्या जागी घेतलेला नाम्पालिस मेंडी सुरुवातीलाच जखमी झाला. क्लबने सगळ्यात मोठ्या रकमा मात्र आघाडीवीरांवर घातल्या होत्या, अहमद मुसा आणि इस्लाम स्लिमानी. परिणाम? लेस्टर बाराव्या क्रमांकावर, विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक रानिएरी फेब्रुवारीतच घरी, आणि आदल्या वर्षी दहावं आलेलं चेल्सी कान्टेला घेऊन विजेतं.

बाकी, दहा वर्षांचा हिशोब काढला तर मोठा पगार देणारे क्लबच वर दिसतात, ट्रान्सफर फी जास्त देणारे असतीलच असं नाही. लेस्टरसारखं एखादंच वर्ष येतं.

एक्स-जी वगैरे आकडेवारी खरी की प्रशिक्षकाची नजर?

दोन्ही. एक्स-जी म्हणजे अपेक्षित गोल. अशा जागेवरून, अशा कोनातून मारलेल्या फटक्यांपैकी एरवी किती गोल होतात याचा तो अंदाज असतो. पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल, तीस यार्डांवरून मारलेला हताश फटका म्हणजे जवळजवळ काहीच नाही. याचा खरा उपयोग नशीब वेगळं काढायला होतो. एखाद्याने दहा सामन्यांत आठ गोल केले पण मिळालेल्या संधी चारच गोलांच्या होत्या, तर त्याची किंमत आज फुगलेली आहे असं समजावं.

लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचा प्रमुख इयन ग्रॅहम हा भौतिकशास्त्राचा डॉक्टरेट होता. ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम आणि ब्रायटनचे टोनी ब्लूम हे दोघेही आकड्यांच्या जोरावर सट्ट्याच्या व्यवसायात पैसा कमावलेले. ब्रायटनने इक्वाडोरमधून मोइसेस काइसेदोला साधारण ४५ लाख पौंडांत आणलं आणि २०२३ मध्ये चेल्सीला १० कोटींना दिलं, वर दीड कोटीची जोडरकम. हे नुसत्या नजरेने होत नाही.

पण माकेलेले योग्य ठिकाणी उभा असल्यामुळे समोरच्याने जो पास टाकलाच नाही, तो साध्या तक्त्यात येत नाही. त्यासाठी सामना बघावा लागतो, आणि तोही चेंडूवरची नजर काढून.

फॅन्टसीतले गुण किंवा ट्रान्सफरमार्क्टवरची किंमत पुरावा म्हणून चालेल का?

वादाला सुरुवात म्हणून चालेल. ट्रान्सफरमार्क्टवरची किंमत हा जाणकार सदस्यांच्या चर्चेतून काढलेला अंदाज असतो, क्लबने मान्य केलेली रक्कम नव्हे. फॅन्टसीत तुमच्या पंधरा जणांना एकत्र खेळावंच लागत नाही, आणि संघबांधणीची सगळी अडचण तर तीच आहे.

मेस्सी, नेमार, एम्बापे असताना पीएसजी हरलं आणि तिघे गेल्यावर जिंकलं. म्हणजे स्टार नकोतच?

हा निष्कर्ष घाईचा आहे. तिघे एकत्र असताना २०२२ मध्ये रेआल माद्रिदने आणि २०२३ मध्ये बायर्नने त्यांना चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांतच बाहेर काढलं, हे खरं. ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये त्यांनी इंटरला ५-० ने हरवलं, हेही खरं. पण ते गरिबांचं पीएसजी नव्हतं. क्वारात्स्खेलिया, दुए, जुआंव नेवेस, सगळे पाच कोटी युरो किंवा त्याहून जास्त देऊन आणलेले. फरक असा की चेंडू गेला की सगळे अकरा जण तो परत मिळवायला धावत होते. आधी तीन जण चालत असत आणि सात जणांना दहांचं काम करावं लागे.

नेमारच्या पैशांतून बार्सिलोनाने घेतलेला डेंबेले आठवतोय ना? २०२३ मध्ये त्याला पीएसजीने त्या किमतीच्या निम्म्याहून कमी रकमेत घेतलं. प्रशिक्षक लुईस एन्रिकेंनी त्याला विंगवरून मध्ये आणलं, पुढून दबाव टाकायचं काम दिलं, आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा २०२५ चा बॅलन डी’ऑर त्याला मिळाला.

चेल्सीसारखे क्लब एवढे खर्च करूनही खर्च-तोट्याच्या नियमांत कसे बसतात?

हिशोबाच्या पद्धतीमुळे. ट्रान्सफर फी कराराच्या वर्षांत वाटून दाखवतात. एन्झो फर्नांडेसचे १० कोटी ६८ लाख पौंड साडेआठ वर्षांवर वाटले की वर्षाला सव्वा कोटीच दिसतात. पाच वर्षांवर वाटले असते तर दोन कोटींच्या वर गेले असते. २०२३ मध्ये आधी युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) आणि मग प्रीमियर लीगने ही वाटणी पाच वर्षांपुरतीच, अशी मर्यादा घातली.

याचा एक वाईट परिणाम मला खरोखर बोचतो. अकादमीतल्या मुलासाठी फी दिलेली नसते, म्हणून तो विकला की सगळी रक्कम नफा म्हणून दिसते. नियम पाळायला सोपं म्हणून क्लब स्वतः वाढवलेली पोरं आधी विकतात. गल्लीतल्या लोकांना आपला वाटणारा तोच एक असतो.

हे सगळं युरोपातलं. आपल्याकडे यातलं काय लागू पडतं?

सगळंच. मी कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉल शिकलो. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांच्या सामन्याला आलेल्या कुणालाही विचारा, बाहेरून आणलेला गडी आणि पेठेत वाढलेला गडी यांचं मोल कसं वेगळं धरतात ते. त्यावर तिथे आम्ही लहानपणापासून भांडत आलो आहोत.

आणि पूर्ण संघबांधणीचं उदाहरण हवं असेल तर गोवा-मुंबईचं घ्या. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी एफसी गोवाला असं घडवलं की २०१९-२० मध्ये इंडियन सुपर लीगच्या साखळीत अव्वल राहून त्यांनी लीग शील्ड पटकावलं. हंगाम संपण्याच्या थोडं आधी लोबेरा बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी मुंबई सिटीत आले. मुंबईने नुसता प्रशिक्षक नाही आणला. मागे मुर्तादा फॉल, मध्ये अहमद जाहू, पुढे ह्यूगो बुमूस आणि डाव्या बाजूला म्हापशाचा मंदार राव देसाई, अशी गोव्यातली सांगड जशीच्या तशी उचलली. एकमेकांच्या धावा पाठ असलेली माणसं होती ती. मंदार मुळात विंगर, लोबेरांनीच त्याला फुलबॅक केलेला. त्या हंगामात मुंबईने शील्डही घेतलं आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून चषकही.

त्या अंतिम सामन्यातला नव्वदाव्या मिनिटाचा विजयी गोल मात्र गोव्याहून आलेल्यांपैकी कुणाचा नव्हता. तो बिपिन सिंगचा होता. मणिपूरचा हा विंगर लोबेरा यायच्या आधीपासून मुंबईतच होता, बराचसा बाकावर.